ताईचा ठणठणीत आवाज

धंद्यावरून माणसाला नाव पडलं की ते जन्मभर चिकटतं. कवळीकाकांचं तसंच झालं. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि काका मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचे. निम्म्या गावाचं हसू आपल्या हातचं आहे, असं ते ज्याला त्याला सांगत, आणि सांगताना त्यांच्याच दोन पडलेल्या दातांचं खिंडार दिसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

हात थरथरायला लागले तसं त्यांनी ते काम सोडलं आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या. नाटकं रेकॉर्ड करून लोकांना फुकट ऐकवणारं एक हौशी मंडळ होतं. माणसं गावोगावी पांगलेली, एकाने दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. प्रत्येकाने आपल्या घरी बसून फक्त आपली वाक्यं वाचायची आणि पाठवून द्यायची. नवरा एका गावात, बायको दुसऱ्या गावात, आणि त्यांचं कडाक्याचं भांडण मात्र काकांच्या मागच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. वाक्याला वाक्य जोडायचं, मधलं अडखळणं, खाकरणं, शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं कापून टाकायचं, हे काकांचं काम. मंडळ चालवणाऱ्या ग्रंथपालबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काय कापलं ते वाचणाऱ्याला कधीही सांगायचं नाही. सांगितलं की पुढच्या वेळी माणूस भीत भीत वाचतो." काकांनी तो नियम अगदी व्रतासारखा पाळला.

त्या वर्षी मंडळाने दोन हजार वर्षांपूर्वीचं एक रोमन प्रहसन काढलं. एक चिक्कू म्हातारा, त्याला बोटावर नाचवणारा बेरकी गुलाम, आणि म्हाताऱ्याची बायको. बाईने घसघशीत हुंडा आणलेला, त्यामुळे जिभेला हाड नाही. या बायकोसाठी कोणी मिळेना, तेव्हा काकांनी आपल्या ताईचं नाव पुढे केलं.

ताई थोरली. आई लवकर गेली, तिनेच काकांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. आता ती लांबच्या गावी एकटीच राहायची, आणि साठी उलटलेल्या भावाला अजून ठोंब्या म्हणायची.

"ठोंब्या, या वयात मी नाटकात काम करू? लोक शेण घालतील तोंडात."

"अगं, तू कोणाला दिसणारच नाहीस."

"मग असं आधी सांगावं ना!"

आवाज घुमू नये म्हणून ती कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून वाचायची. आणि काय वाचायची! नवऱ्याला झापायची तेव्हा काका हेडफोन लावून एकटेच खो खो हसत. पहिल्या अंकात ती दोनदा खोकली. काकांनी तेवढं कापलं. दुसऱ्या अंकात खोकला जास्त होता. कपाटातली धूळ असेल, असं म्हणून त्यांनी तोही कापला. तिसऱ्या अंकात एक वाक्य धड सलग येईना. काकांनी शब्दाला शब्द जोडून अशी काही बेमालूम बाई उभी केली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. नियमामुळे खोकल्याचा विषय काही त्यांनी काढला नाही. फोनवर एवढंच विचारलं, "तब्येत बरी ना गं?"

"मला काय धाड भरलीय?" ताई म्हणाली आणि घाईघाईने फोन ठेवला.

तयार झालेला प्रत्येक अंक काका तिला पाठवत. ती तो शेजारणींना बोलावून बोलावून ऐकवी.

चौथा अंक पुरा झाला आणि ताई भाजी घेऊन येताना जिन्यात कोसळली. काका मिळेल त्या गाडीने इस्पितळात पोचले. डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो उजेडासमोर धरले आणि विचारलं, "खोकला कधीपासून आहे?"

"हल्लीचाच," ताई म्हणाली. "किरकोळ होता हो."

तो किती जुना आहे आणि कसा वाढत गेला, हे जगात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बाहेर आल्यावर डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." काका भिंतीला टेकून उभे राहिले.

शेवटचा अंक राहिला होता. एका भूमिकेला एकच आवाज, असा मंडळाचा शिरस्ता. ग्रंथपालबाईंनी फोनवर चाचरत सुचवलं, की सगळी भूमिका दुसऱ्या कोणाकडून नव्याने वाचून घेऊ. ताईने ते ऐकलं मात्र, उठूनच बसली. "मी मेले नाहीये अजून!"

भर दुपारी, नर्सने दयेपोटी चादरी ठेवायची खोली उघडून दिली. चारी बाजूंना घड्यांच्या थप्प्या, आवाज अजिबात घुमत नव्हता. काकांनी माइक धरला. ताई वाचायची, खोकायची, पाणी प्यायची, पुन्हा वाचायची. मध्येच थांबून म्हणाली, "गंमत बघ. हा खोकला त्या माइकला कधी ऐकूच गेला नाही. मी मेली खोकून बेजार, आणि तू पाठवलेलं ऐकावं तर आवाज कसा ठणठणीत! शेजारीण डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली होती. मी तिला तेच ऐकवलं. म्हटलं, बघ, काही झालेलं नाही मला."

काकांनी माइक मांडीवर ठेवला.

"ताई, तो खोकला मी काढत होतो गं. एकूण एक."

ताईचे डोळे भरून आले. रागावेल, काहीतरी घालूनपाडून बोलेल, तर बरं होईल, असं काकांना वाटलं. ती रागावली नाही.

"मग हाही काढ," ती म्हणाली. "लोक हसायला बसतात रे. त्यांना खोकला कशाला?"

पुढच्याच आठवड्यात ताई गेली.

दिवसकार्य उरकून काका परत आले आणि मागच्या खोलीत बसले. तिने सांगितलं होतं म्हणून कापायला घेतलं. खोकला आला की कापायचा, पाण्याचा घोट आला की कापायचा. आता हेच तेवढं तिचं उरलं होतं आणि त्यातलंच निम्मं टाकून द्यायचं होतं. अंकाच्या टोकाशी, म्हाताऱ्याला क्षमा करायच्या वाक्याआधी तिला जोराची उबळ आली होती. ती ओसरल्यावर धापा टाकत ती म्हणाली होती, "थांब हं, ठोंब्या. जाऊ नकोस."

काकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग डोळे पुसले, चष्मा लावला. रोममधल्या त्या घरात ठोंब्या नावाचं कोणी नव्हतं. त्यांनी तेवढंही कापलं आणि पुढचं वाक्य जोडलं.