होल्डवरचं प्रेमगीत

सरकारी कचेरीला फोन लावून तो कुणी उचलू नये म्हणून देव पाण्यात घालून बसणारा माणूस अख्ख्या जर्मनीत एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा आहे. मामा वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये होते आणि मी पीएचडीच्या नावाखाली त्यांच्याकडे पिठलं-भात हाणत होतो. मामी मात्र साताऱ्यातच अडकल्या होत्या, कारण त्यांचा व्हिसा आउसलेंडरआम्टच्या, म्हणजे परदेशी माणसांचे कागद बघणाऱ्या कचेरीच्या, टेबलावर पडून होता. फोन केला की कचेरीतली बाई होल्डवर टाकायची आणि होल्डवर वाजायचं ते जगभर गाजलेलं स्पॅनिश प्रेमगीत. पहिल्या आठवड्यात मामांनी त्याला शिव्या घातल्या, दुसऱ्या आठवड्यात पायानं ताल धरला आणि महिन्याभरात सगळं पाठ! स्पॅनिश ओ की ठो कळत नव्हतं. मी विचारलं तर म्हणायचे, "कळायचंय काय त्यात? माणूस बायकोला बोलावतोय, बस!" एकदा बाईनं नेमका शेवटच्या कडव्यात फोन उचलला, तर मामा तिलाच म्हणाले, "आइन मोमेंट, बिटे!" म्हणजे जरा थांबा, प्लीज! बाईनं अर्थातच फोन आपटला.

मग ते गाणं मामांना जिथे तिथे भेटायला लागलं. आइस्क्रीमच्या दुकानात, सुपरमार्केटात, दातांच्या डॉक्टरकडे तर आ वासलेल्या तोंडानं त्यांनी असा सूर लावला की डॉक्टरनं घाबरून मशीनच बंद केलं. गावच्या जत्रेत गलेलठ्ठ आजोबांच्या बँडनं तेच वाजवलं, तेव्हा मामा बाकावर चढले. "कुठलं गाणं कुठे येऊन पोचलं बघ! या सगळ्यांनी तरुणपणी याच्यावरच बायका पटवल्या असणार, गेनाऊ, अगदी अस्संच!" ट्रम्पेटवाल्या आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली, की हो, आमचा पहिला नाच याच गाण्यावर. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि थंडपणे सांगितलं, "आमचा दुसऱ्याच गाण्यावर झाला होता." पुढचं आम्ही थांबून ऐकलं नाही.

व्हिसा अडकायचं कारणही मामाच. लग्नात त्यांनी अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. त्यामुळे जन्मदाखल्यावर आणि लग्नाच्या दाखल्यावर सुलभा, तर पासपोर्टवर मृणाल. कचेरीतल्या बाईनं विचारलं, "यातली तुमची बायको कोणती?" आता साधं सांगावं ना की बाई एकच आहे! मामा छाती काढून म्हणाले, "दोन्ही!" झालं, दोन बायकांचा दादला म्हणून फाइल वरच्या साहेबाकडे गेली ती चार महिने तिथेच. त्या दिवशी गाणं नाही, काही नाही. पिठलं ढवळता ढवळता म्हणाले, "मृणाल नाव मला आवडलं म्हणून लिहिलं रे. तिला विचारलंसुद्धा नाही."

शेवटी साताऱ्याहून प्रतिज्ञापत्र आलं, की सुलभा आणि मृणाल ही एकच व्यक्ती. व्हिसा झाला! विमानतळावर उभं राहून अख्खं गाणं म्हणायचं असं मामांनी ठरवलं आणि आठवडाभर अशी तालीम केली की खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीही भांडी घासताना तेच गुणगुणायला लागल्या.

फ्रँकफर्टला दार उघडलं आणि ट्रॉलीवर लोणच्याचे डबे रचून मामी बाहेर आल्या. गर्दीत त्यांना आम्ही दिसेचना. मामांनी खाकरून तोंड उघडलं. सूर फुटेना. मी कोपरानं ढोसलं. मामी उलट्याच दिशेला वळल्या तेव्हा मात्र मामा जिवाच्या आकांतानं ओरडले, "सुलभा!"

ट्रॉली जागच्या जागी थांबली. मामींनी वळून बघितलं. वीस वर्षांत त्या नावानं हाक मारणारं माहेरीसुद्धा कुणी उरलं नव्हतं. जवळ आल्या तेव्हा दोघांचेही डोळे भरले होते, आणि माझेही, उगाच कशाला खोटं बोलू.

"अहो," मामी म्हणाल्या, "परत एकदा म्हणा ना."

"गाणं?"

"नाव."