राणीसाठी स्थळ
आमचे नाना, म्हणजे माझे काका मल्हारी, नाशिकरोडला प्रेसमध्ये मशीनवर होते आणि सुट्टीच्या दिवशी सोयरिकी जुळवायचे. वसाहतीतली निम्मी लग्नं त्यांच्या खात्यावर. शिक्षण, नोकरी, घरदार सगळं विचारायचे, पण निकाल लागायचा आमच्या दाराच्या चौकटीवर. मुलीला चौकटीला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीने खूण करायची, मग मुलाची. मुलाची खूण चार बोटं वर आली तर चहापोहे, नाहीतर नुसतं पाणी.

गंमत अशी की स्वतः नाना सुलाकाकूच्या खांद्याला लागायचे. त्यांच्या लग्नाच्या फोटोत काकू खुर्चीत बसलेली आहे आणि नाना शेजारी ताठ उभे. लहानपणी मला वाटायचं, काकू दमली असेल.

माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. नानांनीच मला वाढवलं, शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं. त्यात मी उंचीही जरा सढळ हाताने घेतली. त्र्याऐंशी साली चांदवडचा धोंडीराम आमच्याकडे यायला लागला. कांद्याचा ट्रक घेऊन मुंबईला जायचा. मला तो आवडला आणि त्याला मी. नानांनी दोघांना चौकटीला लावलं. तो माझ्यापेक्षा दोन बोटं खाली निघाला.

"दोन ही आणि वरची चार," नाना म्हणाले, "सहा बोटं कमी पडतात, फुला. नाही जमायचं."

नानांचं मन मोडून लग्न करायचं नाही, एवढं माझं ठरलेलं होतं. म्हणून मी गप्प बसले आणि आतल्या आत जळत राहिले.

जावई म्हणून धोंडीराम नापास झाला, पण पाणक्या म्हणून मात्र त्याची नोकरी चालूच होती. कारण नानांच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. मुंबईहून रिकामा ट्रक परत येताना धोंडीराम समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा, काकूच्या जुन्या लुगड्यातून ते गाळलं जायचं. टाकीत दोन वर्षं एकच मासा होता. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. मुंबईचा दुकानदार त्याला जोकर म्हणायचा. नानांना ते अपमानाचं वाटलं, त्यांनी नाव ठेवलं राणी. खाण्याचे नखरे करते म्हणजे ती मादीच, हा त्यांचा शोध.

"एकटी किती दिवस राहील? स्थळ बघितलं पाहिजे," एके दिवशी नाना म्हणाले. मी तिथेच वह्या तपासत बसले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

धोंडीरामला हुकूम सुटला, राणीपेक्षा चांगला मोठा नर आण. त्याने आणला. नानांनी पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं आणि नवरदेवाला सोडलं. दहा मिनिटांत मारामारी सुरू झाली. राणीचे पर फाटले, ती कोपऱ्यातल्या मडक्यामागे जाऊन बसली. नवरदेवाची रवानगी प्लास्टिकच्या बादलीत झाली. राणीने मात्र अन्न सोडलं.

धोंडीराम बादलीतला मासा परत करून आला तो निरोप घेऊनच. "नाना, दुकानदार लय हसला. म्हणतो, या जातीत बाईच मोठी असते. तुम्ही मोठा म्हणून नेला, ती दुसरी बाईच होती. राणीच्या निम्म्यानं ठेंगणा द्या, तो नवरा."

नाना उसळले. "माझ्या घरात ठेंगणा नवरा?"

"एक आहे की," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली.

धोंडीरामने ट्रकखाली काहीतरी बघायचं निमित्त काढलं. मला हसू आवरेना.

चार दिवस नाना अडून बसले. वसाहतीत काय तोंड दाखवू, असा त्यांचा चेहरा होता. पाचव्या दिवशीही राणी कोळंबीच्या तुकड्याकडे फिरकली नाही. तेव्हा ते धोंडीरामला हळूच म्हणाले, "आण बाबा. बारकाच आण."

बारका खरंच बारका होता, माझ्या अंगठ्याएवढा. या वेळी काकूने प्लास्टिकची जाळीची परडी दिली. त्यात तीन दिवस त्याला टाकीतच ठेवलं, दोघांनी एकमेकांना बघावं म्हणून. मग परडी काढली. राणी तरातरा अंगावर गेली. बारका पळाला नाही, एका बाजूला कलला आणि सगळं अंग थरथरवत उभा राहिला. राणी थांबली. पुन्हा गेली, पुन्हा त्याचं तेच. संध्याकाळी दोघं मडक्याजवळ होती आणि राणीने कोळंबी खाल्ली.

"पगाराच्या दिवशी उशीर झाला की हे असेच उभे राहतात," काकू म्हणाली.

नाना टाकीपुढे खुर्ची ओढून बसले आणि दिवा मालवेपर्यंत त्या दोघांना बघत राहिले.

रविवारी धोंडीराम कॅन घेऊन आला. नानांनी त्याला आणि मला चौकटीशी बोलावलं. आता पुन्हा मोजणार. नानांच्या हातात मात्र पट्टी नव्हती, ओलं फडकं होतं. वीस वर्षांच्या खुणा त्यांनी घासघासून पुसल्या आणि काकूला म्हणाले, "पोहे टाक."

लग्नात फोटोवाल्याने मला बघितलं, धोंडीरामला बघितलं आणि खुर्ची आणली. नानांनी ती उचलून बाजूला ठेवली. "उभी राहू दे. उंचीची लाज मला होती, त्याला नाही." मला रडू फुटलं. मग ते काकूकडे वळले. "तूही ये. आपण असाच काढू. तुझा उभ्याने राहिलाय."

तो फोटो माझ्याकडे आहे. मी आणि धोंडीराम मध्ये, शेजारी काकू आणि नाना, चौघंही उभी. काकू ऐटीत हसते आहे. नीट बघितलं तर नानांच्या टाचा जमिनीपासून चार बोटं वर आहेत.