आठवी बंदूक

...तर पुष्करनं डब्याचं झाकण उघडलं आणि जयंतरावांचा घात झाला तो तिथंच. काल इथवरच आलो होतो ना आपण? हां. नागपुरी सावजी रस्सा, वर बोटभर लाल तर्री आणि आत फेझंट. कोठारात गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेले ते सगळे वेल्श शेतकरी माना वर करून वास घ्यायला लागले. ह्यूनं, म्हणजे त्यांच्या शिकारमंडळाच्या कप्तानानं, पहिला घास घेतला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाहीला नाक पुसून तो म्हणाला, "पुश, यू आर अ डेंजरस मॅन!" आणि वाटी परत पुढं केली.

जयंतरावांच्या मांडीवर आशाताईंच्या हातचे बटाटेवडे होते. इतकी वर्षं याच कोठारात, याच ह्यूनं ते मिटक्या मारत खाल्लेले. त्या दिवशी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी बेसननं खाल्ले. बेसन म्हणजे जयंतरावांची पिवळी लॅब्राडोर कुत्री. वेल्श मंडळींच्या तोंडी ते नाव बसेना, म्हणून तिकडं ती बेसी, आणि जयंतराव नुसते 'जे'.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगून टाकतो. जयंतराव मूळचे देवरुखकडचे. आशाताई नर्स, त्यांना कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, मागोमाग हेही गेले आणि तिथंच इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले. नोकरीत असताना एका हिवाळ्यात बरोबरचा एक जण म्हणाला, शनिवारी आमच्याकडं शूट आहे, रान उठवायला माणसं कमी पडतायत, येतोस? जयंतराव गेले. काउब्रिजच्या पलीकडं डोंगरउतारावर ह्यूचं शेत. बंदूकवाले खाली ओळीनं उभे राहतात, वरच्या रानातून हाकारे काठ्या आपटत, झेंडे फडकवत, ओरडत येतात, आणि फेझंट बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून उडतात. फेझंट म्हणजे मोराचा धाकटा चुलतभाऊच समजा, तेवढाच नखरेल. बाकीचे हाकारे सभ्यपणानं टकटक करत होते. जयंतराव मात्र लहानपणी भातावरची रानडुकरं हाकललेला माणूस. त्यांनी छाती भरून जो आवाज लावला, "हुर्रर्र, हल्या हल्या हल्याऽऽ!" की आख्खं रान एकदम उठलं. खालचे बंदूकवाले गोळी घालायची विसरले. तेव्हापासून त्या खोऱ्यात पोरंसोरंसुद्धा "हल्या हल्या" करतात.

पण माणसाचं मन कसं असतं बघा. रान उठवून उठवून जयंतरावांना वाटायला लागलं, आपणही एकदा खालच्या ओळीत उभं राहावं. तिकडं बंदूक धरणाऱ्या माणसालाच 'गन' म्हणतात, आणि ह्यूच्या मंडळात गन आठच. जयंतरावांनी पोलिसांकडून रीतसर परवाना काढला. पोलीस घरी येऊन बंदुकीचं कपाट भिंतीला पक्कं आहे का हे हलवून बघून गेले. जिन्याखाली ते लोखंडी कपाट आलं तेव्हा आशाताई म्हणाल्या होत्या, "अहो, माझ्या देव्हाऱ्याला फळी, आणि तुमच्या बंदुकीला गाभारा!" पण बंदूक बाहेर निघायची ती वर्षातून एकदाच. फेझंटचा सीझन एक ऑक्टोबरपासून एक फेब्रुवारीपर्यंत. त्यातला शेवटचा शनिवार हाकाऱ्यांचा, अशी तिकडं रीत आहे. त्या दिवशी गन लोक काठ्या घेऊन रान उठवतात आणि हाकारे बंदुका घेऊन खाली उभे राहतात. तेव्हा फक्त नर मारायचे, माद्या पुढच्या वर्षीच्या पिलांसाठी सोडायच्या. जयंतरावांची दिवाळी ती.

आणि या वर्षी एम्लिन नावाच्या म्हाताऱ्या गननं गुडघ्यांपायी जागा सोडली. आठवी जागा रिकामी. ती शेवटच्या शनिवारी जेवणानंतर भरणार, असं ह्यूनं सांगून ठेवलेलं. जयंतरावांनी नवे बूट घेतले.

आणि नेमका याच वर्षी हा पुष्कर! त्याला रानात नेलं कुणी? जयंतरावांनीच. बँकेत फायनान्समध्ये, वर्क व्हिसावर आलेला, नागपूरचा मुलगा. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटला आणि मागंच लागला, "काका, मला पण न्या ना." नेलं. झेंडा कसा धरायचा, कुत्र्याला शीळ कशी घालायची, आभाळ मागं असल्याशिवाय पक्ष्यावर बंदूक का रोखायची नाही, सगळं शिकवलं. पोरानं मातीच्या थाळ्या फोडण्याचा क्लास लावला आणि परवानाही मिळवला. एवढं करून उद्धट असता तर एक वेळ चाललं असतं. पण गोड! वाकून नमस्कार करायचा. ह्यूच्या बायकोची चिखलात रुतलेली गाडी ढकलून द्यायचा. बेसनसुद्धा त्याला बघून शेपूट जास्त हलवायची, आणि ते बघून जयंतरावांच्या पोटात जे काही हलायचं, त्याला शेपूट म्हणता येणार नाही.

"कुत्री फितूर झाली," ते घरी म्हणाले.

"तो तिला चीज देतो," आशाताई म्हणाल्या. "तुम्ही लेक्चर देता."

तर शेवटच्या आठवड्यात पुष्कर घरी आला, संक्रांतीच्या तिळाच्या वड्या घेऊन. पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "काका, शनिवारी मला जमत नाहीये. मंडळाचं हळदीकुंकू. निवेदन माझ्याकडं, स्पीकर माझ्या गाडीत आणि तनिषा कमिटीवर. नाही गेलो तर ती घरात घेणार नाही."

जयंतरावांच्या छातीत चौघडा वाजायला लागला. तोंडानं म्हणाले, "अरेरे! काय रे हे."

"पण मी ह्यूशी बोललो. तो म्हणाला, सीझन संपायच्या आत केव्हाही ये आणि बांधाबांधानं फिर, गेट उघडंच असतं. सो मी रविवारी जातो. एक तारखेपर्यंत आहे ना सीझन?"

इथं जरा थांबतो. इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी आणि नाताळच्या दिवशी फेझंटवर बंदूक चालवायला कायद्यानंच बंदी आहे. जुन्या राजाच्या वेळचा कायदा, पण आजही जिवंत. या वर्षी एक फेब्रुवारी आली ती नेमकी रविवारी. म्हणजे सीझन खरा संपला शनिवारीच. तिकडच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही, म्हणून ह्यूनंही सांगितलं नव्हतं. पण आपल्या माणसाचा सगळा संसार रविवारचा! वाढदिवस, बारसं, सहल, सगळं रविवारी. पुष्करला वाटलेलं, शूट शनिवारी असतं ते निव्वळ सुट्टी म्हणून. जयंतरावांनीही पहिल्या वर्षी अशीच रविवारची गोष्ट काढली होती आणि सगळं कोठार हसलं होतं. त्यामुळं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी तिळाची वडी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, "एक फेब्रुवारी. बरोबर आहे."

तारीख सांगितली, वार वडीबरोबर गिळला.

त्या संध्याकाळी जयंतराव नाट्यपद गुणगुणत भांडी घासायला लागले. भांडी कधी न घासणारा माणूस! आशाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय झालंय? लॉटरी लागली का?"

"काही नाही गं. हवा छान आहे."

बाहेर आडवा पाऊस चालला होता.

दुसऱ्या दिवशी मात्र गुणगुणणं बंद. ते सारखं उठून जिन्याखालच्या कपाटाशी जायचे, कुलूप हलवून परत यायचे. डोळ्यांसमोर चित्र यायचं, रविवारची सकाळ, बांधावर पुष्कर, ठो! चर्चला निघालेलं कुणीतरी फोन उचलतंय. परवाना गेला, ह्यूच्या मंडळातलं नाव गेलं, शनिवारी त्याला दिलेली असली तरी आठवी जागा परत मोकळी. इथवर चित्र फार सुरेख होतं. पुढं मात्र त्यात पोलिसांची एक गाडी यायची आणि जयंतराव घाईनं टीव्ही लावायचे.

शुक्रवारी दुपारी पुष्करचाच फोन आला. "काका, रविवारी बेसनला घेऊन तुम्हीपण या ना. तुमच्याशिवाय मजा नाही. आणि एक गुड न्यूज, पुढच्या महिन्यात आमचा इथं कायमचं राहायचा, सेटलमेंटचा अर्ज जातोय. तनिषा म्हणते, आता निकाल लागेपर्यंत पार्किंगचं तिकीटसुद्धा नको हां. सो मी एकदम गुड बॉय!"

मागून त्याच्या मुलीचा, स्वरालीचा आवाज आला, "बाबा, बेसन येणार आहे? मला बेसनला एक टिळगूल द्यायची!"

तिळगूळ पोरीनं बाई करून टाकला होता, पण जयंतरावांना हसू आलं नाही. त्यांनी बेसनकडं बघितलं. बेसन त्यांच्याकडं बघत होती, आणि तिचा तो चेहरा म्हणजे तुम्हाला सांगतो, थेट आशाताईंचा.

"पुष्कर," ते म्हणाले, "रविवारी जाऊ नकोस."

"का? पाऊस आहे?"

"रविवारी मारता येत नाही. कायदा आहे. धरला गेलास तर गुन्हा. रविवार धरूच नकोस, सीझनचा शेवटचा दिवस शनिवार. म्हणजे उद्याच."

 मग पुष्कर म्हणाला, "पण काका, परवा तुम्ही..."

"परवा तू तारीख विचारलीस. वार विचारला नाहीस."

आता पोरगा भडकणार, दोन शब्द बोलणार, म्हणजे आपलंही मन हलकं होईल, म्हणून जयंतराव कान टवकारून बसले. पण पुष्कर हसला. "वाचवलंत काका! थँक यू हां. तनिषानं मला कच्चं खाल्लं असतं. थांबा, स्पीकर मंडळातला नकुल नेईल, निवेदन संध्याकाळचंच आहे, मी उद्याच येतो. सकाळी तुमच्याच गाडीत!"

म्हणजे बघा. हातातला पक्षी स्वतः उडवला, वर त्याला गाडीतून न्यायचं.

शनिवारी धुकं विरलं तसं आभाळ स्वच्छ झालं. खाली हाकाऱ्यांची ओळ, बंदुका घेतलेली, प्रत्येकाच्या जागेवर एक खुंटा ठोकलेला. जयंतरावांच्या शेजारच्या खुंट्याशी नेमका पुष्कर. वर रानात ह्यू स्वतः खताच्या पोत्याचा झेंडा फडकवत "हल्या हल्या" करत होता. पहिला नर आला तो पुष्करच्या डोक्यावरून, उंच, घराच्या छपरावरूनही वर. एक आवाज, आणि तो दगडासारखा खाली. दुसरा आला तो खालून, कुंपणाच्या उंचीनं, आणि मागं रानातली माणसं. पुष्करनं बंदूक उतरवली, पक्षी जाऊ दिला. वरून ह्यूनं टोपी उंचावली, तीही त्याच्याकडं बघून.

जयंतरावांची मान शेजारच्या खुंट्याकडंच वळलेली. एक डोळा पुष्करवर, एक ह्यूच्या टोपीवर, आभाळाला डोळाच उरला नाही. वरून काहीतरी फडफडलं, त्यांनी बंदूक उचलली आणि उडवली. पक्षी समोर येऊन पडला. भुरा, लहान, आखूड शेपटीचा.

मादी!

 मग रानातून ह्यूचा आवाज आला, "जे, दॅट वॉज अ लेडी!" आणि डोंगर हसला.

बेसननं ती मादी तोंडात धरून आणली आणि शहाण्या कुत्रीसारखी जयंतरावांच्या पायाशी ठेवली. तेवढं तिला टाळता आलं असतं, असं जयंतरावांचं अजून म्हणणं आहे.

जेवणानंतर कोठारात ह्यूनं चहाच्या मगावर चमचा वाजवला. आठवी गन, पुष्कर. टाळ्या पडल्या. मग ह्यू जयंतरावांच्या खांद्यावर पंजा ठेवून म्हणाला, "जे, तुला मी खाली कसा उभा करू? तू खाली आलास तर माझं रान उठवणार कोण? सगळे तुझंच ओरडणं ओरडतात, पण फेझंट उठतात ते तुलाच."

सगळे "हिअर, हिअर" म्हणाले. जयंतराव हसले. दात दिसले एवढंच. पुष्कर उठून वाकून नमस्कार करायला आला, तेव्हा त्यांनी त्याला वरच्यावर उचलून मिठी मारली, जरा जास्तच जोरात. पोरगा खोकला.

पुष्करला हळदीकुंकवाच्या हॉलवर सोडून जयंतराव घरी आले आणि बुटांसकटच बसून राहिले. रात्री आशाताई हळदीकुंकवाहून आल्या, कपाळ भरलेलं, हातात वाणाची वाटी. मोरीत टांगलेली मादी बघून त्यांनी भुवया उंचावल्या. चहा ठेवला. तनिषाकडून फोनची सगळी हकीकत त्यांना हॉलमध्येच कळली होती, जागा कुणाला मिळाली तेही.

"अहो," त्या म्हणाल्या, "एक खरं सांगा. तुम्ही त्या दिवशी त्याच्यापासून वार लपवलात, ते मला तुमच्या भांडी घासण्यावरूनच कळायला हवं होतं. आत जळफळाट होतोय, तो आत्ताही दिसतोय. गप्प बसला असतात तर जागा तुमची होती. मग शुक्रवारी तोंड उघडलंत कशाला?"

जयंतरावांनी बूट काढले. नवे बूट, चिखलानं पार भरलेले. ते शेजारी शेजारी नीट ठेवले आणि म्हणाले,

"जळतोय ना, अगं, चांगलाच जळतोय. पण त्याचं काही वाईट झालं असतं, तर मला जन्मभर त्याची कीव करावी लागली असती, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं."