चौथी तळटीप

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात आम्ही एम.ए.चे चार विद्यार्थी सरकारी धोरणांवर एक त्रैमासिक काढत होतो. सायक्लोस्टाइल केलेली तीस-चाळीस पानं, कडेला दोन पिना. मी संपादक होतो. माहिती कुणाकडून मिळाली ते पानाखाली तळटीप देऊन लिहायचंच, हा नियम माझा. मोठ्या विद्यापीठांच्या नियतकालिकांत तसं असतं म्हणून. आणि ज्या खात्याविषयी लिहिलं त्या खात्याला अंक पाठवायचा, हाही नियम माझाच.

वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातला माझा वर्गमित्र होता. त्यानं लेख दिला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांसाठी येणारा पाण्याचा टँकर आधी मुकादमाच्या विहिरीत रिकामा होतो, असं त्यात होतं. आधार म्हणून फक्त, ‘एका मजूर बाईने सांगितले.’

“कोण बाई?” मी विचारलं.

“हाय एक.”

“असं चालत नाही. उद्या कुणी म्हणेल, घरी बसून लिहिलं.”

“घरी बसूनच ऐकलं की.” तो हसला. मग म्हणाला, “आई हाय माझी. पर तेवढं घालू नको गड्या. मुकादम लई वाईट हाय.”

“बघतो,” मी म्हणालो.

छपाईचं स्टेन्सिल मीच टाइप केलं. चौथी तळटीप अशी : ‘लेखकाची आई, याच कामावर खडी फोडते.’ ओळ मला आवडली. लेखाला वजन आलं असं वाटलं. चुका बुजवायच्या लाल औषधाची बाटली हाताशी होती. ब्रशचा एक हात फिरवला असता तर ओळ गेली असती. छपाईला अजून सबंध दुपार होती. मी चहा प्यायला गेलो.

अंक खात्याला पोचला. तिथून तो रीतसर खुलाशासाठी खाली गेला, आणि खाली म्हणजे मुकादमाच्याच हातात. पंधरा दिवसांत माझ्या मित्राच्या आईचं नाव हजेरीपटावरून निघालं. दुसरं काम होतं ते लांब, तलावाचं. तिथं एकट्या बाईला घेत नसत. एकानं खणायचं, एकानं पाट्या उचलायच्या, अशी जोडी लागे. वडील नव्हते. जोडीला तो गेला.

जाण्याआधी तो ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आला, तेव्हा आमच्या खोलीत डोकावला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला काहीच वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर आजही तो प्रसंग आठवताना आधी तेच आठवतं, आतलं ते रिकामं. लेखकाला दोन प्रती द्यायची आमची पद्धत होती. मी त्या पुढं केल्या.

त्यानं चौथी तळटीप काढून वाचली.

“नेमकी लिवलीस, संपादकसाहेब. मुकादमाला शोधावं लागलं न्हाय.”

त्यानं अंक मिटला.

“आई इचारत होती, पेपरात काय छापलंय माझं? काय सांगू तिला? तिला वाचता येत न्हाय.”

प्रती टेबलावर ठेवून तो गेला. परीक्षेला तो बसला नाही. त्याच्या गावाची एसटी कुठल्या फलाटावरून सुटते ते मला माहीत होतं. गेलो नाही.

तो खोलीतून गेला त्याच दुपारी मी दोन्ही प्रती उचलल्या, उरलेल्या अंकांच्या गठ्ठ्यात कडेला कड जुळवून ठेवल्या आणि सुतळी बांधली.