पॉपलरला दिलेला ताण

सौंसरहून मोहगावकडे जाताना रस्त्यालगत आमचं वावर लागतं. यंदा भर पावसाळ्यातही तिथे एकही पान नसलेली उंच झाडं रांगेत उभी होती. निंदणाच्या बाया दुपारी तिकडून जायचं टाळतात, भुतांचं वावर म्हणतात. ही भुतं मी स्वतःच्या हाताने, शेणखत घालून लावलेली.

त्याआधी तिथे आईबाबांनी लावलेली संत्री होती. डिंक्या रोगाने ती एकेक वाळायला लागली, तसा मी पॉपलरच्या नादी लागलो. मोबाइलवर एक पगडीवाला शेतकरी खांबासारखी सरळ झाडं दाखवायचा, प्लायवूडवाले लाकूड बांधावरून उचलून नेतात म्हणायचा. त्याच्याकडे थंडी पडते आणि आमच्याकडे मे महिन्यात बैलसुद्धा डोळे मिटून उभे राहतात, हा फरक मी किरकोळ धरला.

बाबांना आता फारसं दिसत नाही. आई गेल्यापासून संत्र्याखाली खाट टाकून दिवस काढणं, एवढंच त्यांचं उरलं होतं. झाडं काढू द्यायला ते एकाच बोलीवर तयार झाले: ते आहेत तोवर डोक्यावर पुन्हा सावली आली पाहिजे. दोन वर्षांत देतो, मी म्हणालो. देतो म्हणताना मला नेहमीच फार छान वाटतं.

आणि सावली आली की खरंच. पॉपलरचं पान चपट्या देठावर असतं, वारा नसला तरी थरथरतं. सगळं वावर झुळझुळायचं. मोटर चालू राहिली, पाणी वाया जाऊन राहिलं, असं बाबा खाटेवरून सांगायचे. पानं आहेत म्हटलं की कान देऊन पडून राहायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी पाणी तोडलं. संत्र्याला आम्ही असाच ताण देतो. झाड मलूल होऊ द्यायचं आणि मग पाणी सोडायचं, की ते फुलांनी लगडतं. मला वाटलं, पॉपलरही असंच उसळून वाढेल. ज्याला फळच धरायचं नाही त्याला ताण कशाला, हा प्रश्न आमच्या तालुक्यात जन्मलेल्या माणसाला पडत नाही. पानं पिवळी पडून गळू लागली तेव्हा मी बोरगावच्या मेव्हण्याला फोन करून सांगितलं, ताण मस्त बसला.

बाबांच्या पायाखाली पाचोळा चुरचुरला.

“काहून रे, पानी बंद केलं काय?”

“ताण देऊन राहिलो, बाबा.”

त्यांनी एक पान उचलून बोटांत चुरलं. सारा जन्म संत्र्याला ताण दिलेला माणूस. मग म्हणाले, “बरं केलं. पण अजून आठ दिवस थांब. घाई नको करू.”

मी आठ दिवस थांबलो.

नंतर पाणी सोडलं, पुढे पाऊसही झाला. फांदीवर एक डोळा फुटला नाही. नखाने साल खरवडली, आत सगळं तपकिरी. प्लायवूडचा माणूस येऊन खोडं बारीक म्हणून परत गेला. संध्याकाळी एकटा तिथे गेलो की मला झुळझुळ ऐकू येते. मी दोनदा मोटर बघून आलोय. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही, आधीच माझी काय किंमत आहे ते मला माहीत आहे.

बाबांना मी काहीच बोललो नव्हतो. पण ऊन कसं लपवणार? एका सकाळी खाटेवर बसल्या बसल्या तेच म्हणाले, “थे आठ दिवस माये होते. मीच थांब म्हणलो.”

नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या चुकीत पहिल्यांदाच कोणी वाटेकरी झालं होतं. मी हावरटासारखा गप्प बसलो.

आता ऑक्टोबरचं ऊन आहे. प्रत्येक खोडाची वीतभर रुंद सावली पडते. तिच्यात बाबांचं डोकं येईल अशी खाट मी लावतो, ती सरकली की खाट सरकवतो. दुपारी सावली आखडून बुंध्याशी जाते. तेव्हा मीही उन्हात खाटेच्या कडेला बसतो, आणि घरी चला असं आमच्यापैकी कोणीच म्हणत नाही.