ताईंच्या सूर्याचे नऊ दिवस

सूर्याच्या प्रकृतीची घरच्या माणसासारखी चौकशी करणारी बाई साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असावी, आणि ती माझ्या वाट्याला मेहुणी म्हणून आली. आमच्या हिची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. आता वय एक्क्याऐंशी. मांडवीला समुद्राकडे पाठ करून बांधलेल्या लहानशा घरात एकट्या राहतात. पाठ का, असं कुणी विचारलं की म्हणतात, "समुद्र काय, कुठूनही ऐकू येतो. वर बघायला अंगण हवं." रत्नागिरीत राहून हे बोलायला छाती लागते.

ताईंनी सगळा जन्म सूर्यापासून सुटणाऱ्या वाऱ्यात घालवला. सूर्याचं अंग इतकं तापलेलं असतं की तिथल्या वायूच्या कणांचीही फाटाफूट होते. त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि तो चारी दिशांना वाहत सुटतो, एवढं मला चाळीस वर्षांच्या शिकवणीनंतर न चुकता सांगता येतं. या वाऱ्याचा त्या दिवसाचा वेग ताई सकाळी कॉम्प्युटरवर बघतात आणि मग फिरायला धक्क्यावर जातात. तिथे जाळी शिवत बसलेला एक म्हातारा मच्छीमार त्यांना रोज विचारतो, "ताई, आज वारा?"

"साडेचारशे."

"तासाला?"

"सेकंदाला. किलोमीटर."

"मग होडी नको काढू म्हणता?"

"काढ रे. तुझ्या होडीला नाही लागत तो."

"मग कुणाला लागतो?"

"धूमकेतूच्या शेपटीला."

आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, की आमच्या ताई हवामान खात्यातच आहेत, पण त्यांचं गिऱ्हाईक जरा लांबचं आहे.

समजावून सांगण्याची त्यांना इतकी हौस की वेळकाळाचं भान राहत नाही. माझ्या मुलीला बघायला खेडची मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांनी बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "आपण सूर्याचं नक्की काय बघता?" झालं. ताई पोह्यांची बशी ठेवून उठल्या, अंगणात झाडांना पाणी घालायची नळी चालू होती ती उचलली आणि स्वतःभोवती गिरकी घ्यायला लागल्या. "सूर्य स्वतःभोवती फिरतो ना? थेंब सरळच निघतोय, पण सगळ्या थेंबांची मिळून रेघ बघा. वळली! बघा, वळली!" वळलेली रेघ तुळशीवरून, पायरीवरून आणि मुलाच्या वडिलांवरून गेली. ते गृहस्थ भिजल्या टोपीखालून शांतपणे म्हणाले, "वळली खरी." एवढ्या थंड डोक्याचा सासरा पुन्हा मिळणार नाही म्हणून आम्ही तिथेच होकार देऊन टाकला.

पण त्यांच्या साऱ्या तऱ्हांमध्ये मला कायम टोचत आलेली तऱ्हा दुसरीच. ताईंच्या वह्यांमध्ये पानोपानी 'माहीत नाही' लिहिलेलं असतं. दुधाच्या वहीतसुद्धा. एखाद्या दिवशी त्या घरी नसल्या तर त्या तारखेपुढे 'माहीत नाही'. डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी ताप नव्हता ना?" तर म्हणाल्या, "दुपारी मोजला नाही. नव्हता असं मी म्हणणार नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आम्ही हसायला लागलो की त्या सांगत, "भावोजी, रिकामी जागा हीसुद्धा नोंद असते. तिथे उगाच काहीतरी भरलंत, की आजूबाजूचं खरंही खोटं होतं."

आम्ही हसत होतो, त्यात माझं हसणं सगळ्यांत मोठं होतं. त्याचं कारण आता सांगतो. फार उशीर झाला आहे, पण सांगतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी ताई बाहेरगावी एका मोठ्या संस्थेत नोकरीला होत्या. संस्थेची यंत्रं होतीच, पण त्यांना आकाशातल्या लहरी पकडणारी स्वतःची तार हवी होती. पूर्णगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं घर आणि कलमांची बाग आहे आणि तिच्या वरच्या अंगाला उघडा कातळाचा सडा. ना झाड, ना घर, ना विजेचा खांब. ताई सड्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "भावोजी, एवढी शांत जागा देशात नाही." मला वाटलं, कौतुक चाललंय. पुढच्या महिन्यात पोफळीचे सोट रोवून सड्यावर तारांचं जाळं उभं राहिलं. गावात बातमी पसरली की मी कैरीची आंबोशी वाळत घालायचा कारखाना काढतोय, आणि दोघी बायका टोपल्या घेऊन चौकशीलाही येऊन गेल्या.

दूर आकाशात रेडिओच्या लहरी सोडणारी काही ठिकाणं आहेत. त्या लहरी सूर्याच्या वाऱ्यातून वाट काढत आपल्याकडे येतात तेव्हा थरथरतात. वारा जोराचा तर थरथर मोठी. बागेतल्या मांगरात, म्हणजे सामानसुमानाच्या खोपीत, एक यंत्र ठेवलं होतं, त्याचं पेन ही थरथर बारीक चौकटींच्या कागदी पट्टीवर काढायचं. त्यातलं एक ठिकाण डोक्यावरून जायचं तेवढा तासभर यंत्र चालू करायचं, मग पट्टी फाडून तारीख घालायची, गुंडाळी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. ताई नोकरीवर परत गेल्या की हे काम माझं. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, म्हणून आमचं यंत्रही रोज चार मिनिटं आधी. यंत्रामागे माझा चहा, चहामागे हिचा स्वयंपाक. महिन्याभरात आमचं घर जगाच्या दोन तास पुढे गेलं. त्या तासात मिक्सर बंद. स्कूटर चालू करायची नाही, ठिणगी पट्टीवर उमटते. मी स्कूटर ढकलत उताराला न्यायचो आणि ही दारातून म्हणायची, "सावकाश हो, सूर्याला ठेच लागेल."

मग आंब्याचा हंगाम आला. हंगामात बागायतदाराला स्वतःचं नावही आठवत नाही. मी पट्ट्या फाडायचो, तारीख टाकायचो, पण गुंडाळी उद्या करू म्हणून मांगरातल्या टेबलावर टाकायचो. असे नऊ दिवस साठले. दहाव्या दिवशी ट्रक दारात उभा, निम्म्या पेट्या भरायच्या बाकी, आणि पेट्या भरणारी बाई ओरडली, "भाऊ, रद्दी सपली! थराला काय घालू?" मी दोरी आवळत होतो. मान वर न करता म्हणालो, "टेबलावर आहेत बघ कागद."

टेबलावर रद्दी नव्हती. टेबलावर सूर्य होता. तो हापूसच्या थरांमध्ये घालून मी मुंबईच्या बाजारात पाठवला.

ट्रक गेल्यावर टेबल मोकळं दिसलं. त्याच वेळी ताईंना पत्र लिहायचं होतं. नऊ तारखांपुढे 'माहीत नाही' लिहायचं होतं. तेवढंच. पण मला वाटलं, ताई म्हणतील, एवढा विश्वास टाकला आणि याने आंबे गुंडाळले. दुपारी गडी जेवून आडवे झाले तेव्हा मी मांगराचं दार ओढून घेतलं, यंत्रातलं पेन काढलं, कोरी पट्टी पसरली आणि आधीच्या दिवसांसारखी बारीक थरथर नऊ वेळा हाताने काढली. फार छान जमली. शाळेत चित्रकलेत मला कधी एवढे गुण मिळाले नव्हते.

पावसाळा सुरू होताना ताई आल्या, ट्रंक उघडली, आणि त्या नऊ पट्ट्यांशी थांबल्या. त्याच दिवसांत सूर्यावरून मोठं वादळ निघाल्याचं दुसऱ्या वेधशाळांनी नोंदवलं होतं. आमच्या पट्टीवर मात्र सगळं निवांत. ताई सड्यावर तारांखालून दोन दिवस फिरल्या. जोड तपासले, सोट हलवून पाहिले. मी मागे छत्री धरून फिरलो, आणि दोन दिवसांत तोंड उघडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तार आंधळी आहे. मोठं काही आलं की हिला दिसत नाही. मग लहान दिसतं त्यावर तरी विश्वास कसा ठेवू?" तारा उतरवल्या. अर्धा लिहिलेला लेख बाजूला ठेवला.

ताईंचं त्यामुळे अडलं असं मुळीच नाही. त्या सूर्याचा वारा संपतो त्याच्या पलीकडे गेल्या, दोन ताऱ्यांमधल्या विरळ प्लाझ्माकडे. त्याला त्या 'वेशीबाहेरचं' म्हणतात, जणू मुलगी तिकडे दिली आहे. मान मिळाला, परदेशी बोलावणी आली. पण सगळं दुसऱ्यांच्या यंत्रांवर. स्वतःची तार त्यांनी पुन्हा कधी उभी केली नाही. कुणी विचारलं की म्हणायच्या, "मला तार बांधता येत नाही." हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकलं.

तीन वर्षांपूर्वी ही गेली. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं. या वर्षी ताई पत्र्याची ट्रंक रिक्षात घालून माझ्याकडे आल्या. जुन्या पट्ट्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. ओटीवर बसून त्या म्हणाल्या, "हे शेवटचं वर्ष टाकूनच देते. आंधळ्या तारेचं कशाला ठेवायचं?"

"ताई, तार आंधळी नव्हती," मी म्हणालो. "ते नऊ दिवस मी काढलेत. हाताने."

त्यांनी चष्मा काढला. "कुठल्या पेनाने?"

"तुमच्याच."

"तरीच शाई जुळली. आणि खऱ्या पट्ट्या?"

"मुंबईला गेल्या. आंब्यांबरोबर."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "रिकामं का नाही ठेवलंत?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावले असते, भावोजी. दोन दिवस रागावले असते. आता इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्या तारेवर रागावले, त्याचं काय करू?"

चहा तसाच ठेवून त्या गेल्या. आठ दिवस फोन उचलला नाही. नवव्या दिवशी रिक्षा दारात, आणि पायरी चढता चढताच प्रश्न, "नऊच्या नऊ पेट्यांत गेल्या, हे तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही, पण..."

"मग गेल्या म्हणू नका. माहीत नाही म्हणा. घरात दुसरं कोण कागद उचलायचं?"

तेव्हा मला आठवलं. चांगला जाड कागद दिसला की ही तो सोडायची नाही. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर घालायची. दर दिवाळीला त्यावर नवं वर्तमानपत्र, पण खालचा जाड कागद तसाच. दोघं म्हातारी माणसं फळीला लागलो. मी डबे उतरवायचो, त्या कागद सोडवायच्या. सर्वांत वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांखाली, वर्तमानपत्रांच्या थरांच्या तळाशी तीन पट्ट्या निघाल्या. कोरी बाजू वर, रेघांची खाली. त्यांच्यावर माझ्याच अक्षरात तारखा. मी मांगराचं दार लावून खोटा सूर्य काढत होतो, तेव्हा खरा माझ्याच घरात होता. कुणाला नुसतं विचारलं असतं तरी मिळाला असता. पण विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं.

एका पट्टीवर आंब्याच्या चिकाचा डाग होता, आणि त्या डागाच्या दोन्ही बाजूंना पेन एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नुसतं झोडपत गेलं होतं. ताईंनी त्यावरून बोट फिरवलं. "आलंय," त्या म्हणाल्या. "वादळ आलंय इथे. बघत होती हो माझी तार." मग पदराने डोळे पुसले आणि लगेच पट्टी उलटी करून तेलाच्या गोल डागांना नाक लावलं. "मिरचीचं लोणचं. तिच्या हाताचं."

ताईंनी तो जुना लेख पुन्हा हातात घेतला आहे. त्यात तीन दिवस खरे, आणि सहा दिवसांपुढे 'माहीत नाही'. कागद कुठे गेले याचं कारणही घालणार आहेत. मी म्हटलं, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, "नाव नको. आंब्याचा हंगाम, एवढं पुरे. बाकीचं तुमचं तुम्ही लिहा." म्हणून हे लिहिलं. सड्यावर पुन्हा सोट उभे राहिले आहेत. सूर्य सध्या जोरात आहे म्हणतात. मी रोज चार मिनिटं आधी यंत्र चालू करतो. मागच्या आठवड्यात पाठ धरली म्हणून एक दिवस सड्यावर जाता आलं नाही, तर वहीत त्या तारखेपुढे स्वच्छ अक्षरात 'माहीत नाही' लिहिलं. ताईंनी ते पान बघितलं आणि पहिल्यांदाच मला शाबासकी दिली.

डबे सगळे परत फळीवर लागले. फक्त बरण्यांखाली अजून काही घातलेलं नाही. त्या फळीवर कसला कागद घालायचा, हे हिला माहीत होतं. मला माहीत नाही.