उणे चाळीस

विलास करमरकर फरीदाबादच्या एका वर्कशॉपमध्ये हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायचा. वडील केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीला आले नि इथलेच झाले. पोरगा मात्र फायलींत रमणारा नव्हता. गाड्या नव्या, रस्ते नवे, सोसायट्या नव्या, आणि या सगळ्या नव्याची नाडी आपल्यालाच कळते अशी विलासची पक्की समजूत. माणूस कामाचा, पण कुणाचं ऐकून घ्यायचं नाव नको! गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा लॅपटॉप उघडून बसायचा.

त्याची मोठी बहीण विनया मयूर विहारला राहायची, आणि आई तिच्याचकडे. आईचं हृदय अधू झालं होतं. श्वास लागला की ताई तिला मागच्या सीटवर बसवून इस्पितळ गाठायची. त्यासाठी तर विलासने ही सेकंडहँड हायब्रिड स्वतः पारखून घेऊन दिली होती. आणि नेमकी तीच गाडी वाटेत बॅटरीच्या तापमानाचा दिवा लावायची, जोर सोडायची आणि थोड्या वेळाने आपोआप बरी व्हायची. आईला घेऊन निघायचं म्हटलं की ताई आधी त्या दिव्याकडे बघायची.

तिने गाडी वर्कशॉपला आणून लावली. बॅटरीच्या एका सेन्सरने मध्येच उणे चाळीस अंश दाखवल्याचं विलासला लॅपटॉपवर दिसलं. मे महिन्यात, दिल्लीत, उणे चाळीस! सेन्सरची तार तुटली की आकडा असाच तळ गाठतो. म्हणजे तार कुठेतरी क्षणभर तुटत होती, एवढं उघड होतं. पण कुठे? त्याने जोडण्या हलवून पाहिल्या, सेन्सर बदलला, भर दुपारी एकट्यानेच गाडी पळवून आणली. आकडा ताळ्यावरून जागचा हलेना. ताई परत परत सांगत होती, मी एकटी असले की काही होत नाही, आई बसली की होतं.

"आईला बघून गाडीला हुडहुडी भरते का गं?" तो म्हणाला.

आईच्या कानावर हे गेलं, तेव्हा तीही हसली बिचारी. विलासने बिघाडाची नोंद पुसून गाडी परत दिली. पुसायचं, धाडून द्यायचं, परत आली तर बघू, हीच तिथली रीत. वर ताईला बजावलं, दिवा लागलाच तर गाडी बंद करून पुन्हा चालू कर, बस्स.

जूनमधल्या एका दुपारी आईला श्वास लागला. यमुनेच्या पुलावर दिवा लागला, गाडी रखडली, मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. ताईने सांगितल्याप्रमाणे गाडी बंद केली. ती पुन्हा चालू झालीच नाही. ट्रॅफिकमधून वाट काढत ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत आई गेली होती.

दिवसवार आटोपल्यावर विलास ताईच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन गाडीत शिरला. पुढे स्टिअरिंगमुळे लॅपटॉप मांडीवर मावेना म्हणून वायर ओढून मागे बसला, आईच्या जागेवर. आकडा धाडकन उणे चाळीसवर गेला. तो उठला, आकडा ताळ्यावर आला. बसला, पुन्हा उणे चाळीस. त्याने सीट उचलली. सेन्सरची तार सीटच्या सांगाड्याखालून गेली होती. वरून धडधाकट, आतून तांबं तुटलेलं. वर माणूस बसलं की टोकं एकमेकांपासून सुटत होती, आणि ती सुटलेली असताना बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नव्हती. तपासताना मागे कुणाला बसवायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. सीट तशीच टाकून तो ढसाढसा रडला.

ताई खाली आली तेव्हा त्याने फक्त तुटलेली तार दाखवली. तिने ती बोटांत धरून पाहिली.

"पुलावर आई सारखी म्हणत होती, मला उतरव, माझ्यामुळेच बंद पडते. एवढ्या उन्हात कुठे उतरवू तिला? मी नाही ऐकलं." मग तिने विचारलं, "उतरवली असती तर झाली असती का रे चालू?"

विलासला उत्तर ठाऊक होतं.

"नाही ताई," तो म्हणाला. "तरीही नसती झाली."

ताईने डोळे पुसले आणि मान डोलावली. गाडीच्या बाबतीत तिने त्याचा शब्द कधीच खाली पडू दिला नव्हता.